हडपसरची लस, बार्शीची चाचणी

पुण्यात एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू) लशीचा विषय निघाला की बोलणं हडपसरवर येऊन थांबतं. तिथल्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हावॅक’ ही लस काढली, ती परदेशी लशीपेक्षा स्वस्त आहे, मुलीला द्यायची की नाही. एवढ्यावर चर्चा संपते. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या इतिहासातलं एक मोठं काम हडपसरवरून जाणाऱ्या सोलापूर रस्त्याने बरंच पुढे, बार्शीच्या परिसरात झालं. ते पुणेकरांना फारसं ठाऊक नाही.

आधी विषाणूबद्दल थोडं. ह्या कर्करोगाचा शरीरसंबंधांशी काही धागा असावा, ही शंका जुनी. इटलीतल्या रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरने 1842 मध्ये व्हेरोनातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळून तसं लिहिलं होतं. गुन्हेगार सापडायला मात्र 1983-84 उजाडलं. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गाठींमध्ये एचपीव्हीचे 16 आणि 18 हे प्रकार शोधले आणि 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जगातल्या सुमारे 70 टक्के रुग्णांत हेच दोन प्रकार कारणीभूत असतात. संसर्ग खूप जणींना होतो आणि बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काहींना कर्करोग होतो आणि त्याला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे आजार पकडायला वेळ भरपूर मिळतो.

हा वेळ वापरायचं साधन, पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासणं), श्रीमंत देशांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रुळलं. पण त्याला प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो आणि बाईने पुन्हा पुन्हा यावं लागतं. मराठवाड्यातल्या गावात यातलं काय होतं?

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या नोंदींतून दिसलं की बायका फार उशिरा येतात. अंगावरून पांढरं जातंय, मध्येच रक्त जातंय, तरी सगळं अंगावर काढायचं. डॉ. बी. एम. नेने आणि सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन नुसती माहिती सांगितली, तर काही वर्षांत बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. कुठलंही यंत्र न वापरता झालेला हा बदल मला आजही सगळ्यात बोलका वाटतो.

पुढे 1999 मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) मोठा अभ्यास सुरू झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले होते. व्हीआयएने तिथे तेवढा फरक दाखवला नाही, पण दुसऱ्या एका अभ्यासात मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी ती केल्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तपासणी न मिळालेल्या गटांतल्या बायकांचं काय, असा प्रश्न या अभ्यासांना पुढे विचारला गेला आणि तो रास्तच होता.

लशीची गोष्ट जास्त वादळी. 2008 च्या सुमारास ‘गार्डासिल’ आणि ‘सर्व्हारिक्स’ या परदेशी एचपीव्ही लशी भारतात आल्या. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना लस देण्याचा प्रकल्प निघाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर आणि संमतीपत्रांवरून उठलेल्या गदारोळानंतर एप्रिल 2010 मध्ये सरकारने तो थांबवला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण संमती घेण्यातले दोष खरे होते. वसतिगृहातल्या मुलींच्या अर्जांवर वॉर्डनच्या सह्या होत्या.

ह्याच आदेशाने दुसरा एक अभ्यासही अडकला. दोन डोस पुरतात की तीन हवेत, हे तपासायला देशात नऊ ठिकाणी मुलींना लस दिली जात होती. त्यांत पुण्याचं जहांगीर रुग्णालय होतं, बार्शीही होती. लसीकरण मध्येच थांबल्याने 4,950 मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. 2021 मध्ये दिसलं की 16 आणि 18 च्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एक डोससुद्धा तीन डोसांइतकाच काम करतो, सुमारे 95 टक्के. पुढल्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत हाही होता.

सर्व्हावॅकला जुलै 2022 मध्ये परवानगी मिळाली आणि जानेवारी 2023 मध्ये ती बाजारात आली, तेव्हा खासगीत सुमारे 2,000 रुपये डोस. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 9 ते 14 वयाच्या मुलींच्या लसीकरणाचा उल्लेख झाला.

लशीला कंपनी आहे, किंमत आहे, जाहिरात आहे. तपासणीला तसा कुणी वाली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभरातल्या दोन बायकांचीसुद्धा तपासणी कधी झालेली नव्हती. पुण्यात ‘प्रयास’सारख्या संस्थेने एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी (यांना धोका कितीतरी जास्त) तपासणीचं काम केलं, पण असे अपवाद थोडे. तपासणी नाही आणि कर्करोगाची भीती मात्र आहे, अशा ठिकाणी काय होतं ते बीडमध्ये दिसलं. 2019 च्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं डॉक्टरांनी सांगितल्याचं अनेकींचं म्हणणं होतं.

लस आधीच झालेला संसर्ग घालवत नाही आणि विषाणूचे सगळे प्रकारही अडवत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागणार, आणि तिच्या आईला तर आत्ताच. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून पहिली पसंती एचपीव्ही डीएनए तपासणीला देते. आपल्याकडच्या 2016 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत मात्र भर व्हीआयएवर. उस्मानाबादच्या बायकांवर सिद्ध झालेली तपासणी पुण्यात हवी असेल, तर बहुतेकींना ती खासगीत, स्वतःच्या खिशातून पैसे मोजून करून घ्यावी लागते.