खडीचा ड्राइव्हवे आणि गार्डन ट्रॅक्टरमागची अवजारं: थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत शहर सोडून थोडं बाहेर गेलं की घरांचे ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीवाटा, बरेचसे खडीचेच असतात, आणि दर पावसाळी सीझननंतर, बर्फ वितळल्यानंतर त्यांची वाट लागते. ते सरळ ठेवायला जुन्या गार्डन ट्रॅक्टरमागे (घराभोवतीच्या कामाचा छोटा ट्रॅक्टर) ओढायचे ड्रॅग, ब्लेड, बॉक्स स्क्रॅपर लोक स्वतः वेल्डिंग करून बनवतात नाहीतर गंजलेले उचलून आणून परत उभे करतात. हा नाद आजचा वाटतो पण त्यामागचं तंत्र ट्रॅक्टरच्याही आधीचं आहे.

१८९० च्या दशकात मिसुरीतल्या एका शेतकऱ्याने घरासमोरच्या मातीच्या रस्त्यावर पाऊस थांबल्यावर घोड्यांमागे एक लाकडी ड्रॅग फिरवायला सुरुवात केली. पुढे त्याचं रूप पक्कं झालं ते असं: ओंडका मधोमध उभा चिरायचा, दोन्ही फाळकी साधारण ३० इंचांवर समांतर जोडायची, सपाट बाजू पुढे, आणि साखळी अशी लावायची की ड्रॅग तिरका ओढला जाईल. आपल्याकडे ढेकळं फोडायला मैंद फिरवतात तसंच वाटेल बघायला, पण मैंद सरळ चालतो आणि हा मुद्दाम तिरका, त्यामुळे कडेची ओली माती दरवेळी थोडी थोडी मध्ये सरकते, मधे उंचवटा तयार होतो आणि पाणी दोन्ही बाजूंना पळतं. १९०८ मध्ये सरकारी शेतकी खात्याने यावर पत्रकच काढलं. ओलं असताना फिरवा, थोडंच कापा, वारंवार करा, हे त्यातलं सार आजही जसंच्या तसं लागू आहे.

मधला काळ पटकन ओलांडू. रस्ते सपाट करायला मोटर ग्रेडर नावाची मोठी पातीवाली मशिन्स आली, १९३९ मध्ये फोर्डच्या छोट्या शेती ट्रॅक्टरवर थ्री-पॉइंट हिच, म्हणजे अवजार तीन ठिकाणी धरणारी मागची जोडणी, आला आणि अवजार नुसतं ओढायच्या ऐवजी उचलता, तिरकं करता यायला लागलं. खरा विषय सुरू होतो तो १९६० नंतर. १९६१ ला कब कॅडेट नावाचा गार्डन ट्रॅक्टर आला, ७ हॉर्सपॉवर, मागचा गिअरबॉक्स शेतीच्या फार्मॉल कब ट्रॅक्टरवरून घेतलेला, म्हणजे दणकट. १९६३ ला जॉन डिअरचा ११० आला. व्हील हॉर्स हा ब्रँड तर चाळीसच्या दशकापासून होताच. ही मशिन्स गवत कापायला घेतली जायची पण फ्रेम अशी होती की नांगरही ओढतील, त्यामुळे मागे काय लावायचं हा प्रश्न आलाच.

आणि इथेच तो निर्णय झाला ज्यावर अजून लोक भांडतात. शेती ट्रॅक्टरचा थ्री-पॉइंट छोटा करून, ज्याला कॅटेगरी झिरो म्हणतात, तो द्यायचा की स्लीव्ह हिच द्यायचा? बहुतेक कंपन्यांनी स्लीव्ह हिच दिला, थ्री-पॉइंट काही मोठ्या मॉडेल्सवर जास्तीचे पैसे भरून मिळायचा. स्लीव्ह हिच म्हणजे अवजाराच्या तोंडाला एक उभी नळी, ती ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटमध्ये बसवून वरून एक पिन टाकायची, बाजूच्या दोन बोल्टनी डावी-उजवीकडचं हलणं आवरायचं, झालं काम. स्वस्त, दोन मिनिटांत लागणारा, आणि केंटकीतल्या एका जुन्या नांगर बनवणाऱ्या कंपनीची अवजारं वेगवेगळ्या ब्रँडच्या ट्रॅक्टरना चालायची ती यामुळेच. नांगराला तर हे उत्तमच, थोडं डोलणं त्याला मानवतं.

पण खडीला नाही मानवत. बॉक्स स्क्रॅपर म्हणजे पुढे दात आणि मागे पाती असलेली लोखंडी चौकट, आणि त्याचं सगळं गणित तो पुढे-मागे किती झुकलाय यावर आहे. थ्री-पॉइंटला वरची दांडी असते, टॉप लिंक, ती आखडली की पुढचे दात जमिनीत घुसतात, लांबवली की मागची पाती फक्त सपाट करत जाते. स्लीव्ह हिचमध्ये ही दांडीच नाही. शिवाय पिनचं भोक झिजून लांबट झालं की तिथला मिलिमीटरभर ढिलेपणा पातीच्या टोकाला कितीतरी वाढतो, मग बॉक्स मान डोलावत चालतो आणि ज्या आडव्या लाटा काढायला निघालो त्याच नव्याने उमटतात. खड्ड्याचंही तेच, वरून खडी टाकून काही होत नाही, खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं कापून मोकळं करून परत दाबावं लागतं, आणि त्यासाठी पाती एका खोलीवर स्थिर पाहिजे.

म्हणून आता रिस्टोअर करणाऱ्यांत दोन गट आहेत. एक म्हणतो मूळ हिच कापा आणि कॅटेगरी झिरो वेल्ड करा, ५/८ इंची पिना, विषय संपला. दुसरा म्हणतो साठ वर्षं टिकलेल्या मशिनला ग्राइंडर लावू नका, बोल्टने बसणारा अडॅप्टर बनवा. मला दुसरंच पटतं. कापलेला मूळ भाग परत मिळवायचा तर दुसरा ट्रॅक्टर मोडावा लागतो आणि असे मोडायला उरलेत किती? अडॅप्टरला टॉप लिंक देता येते, नाही जमलं तर काढून ठेवता येतो.

ऐंशीच्या दशकात बाजार बदलला. १९८१ मध्ये कब कॅडेट विकला गेला, १९८६ मध्ये व्हील हॉर्स. दुकानात मिळणारे लॉन ट्रॅक्टर हलके झाले, फ्रेम दाबलेल्या पत्र्याची, मागचा हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा गिअरबॉक्स) एकसंध आणि नाजूक, बऱ्याच मॅन्युअलमध्ये तर जमिनीत घुसणारं अवजार लावू नका असंच लिहिलेलं असतं. जुन्या मशिन्सना आणि त्यांच्या अवजारांना परत मागणी आली त्याचं हे मोठं कारण.

रिस्टोरेशनमध्येही त्यामुळे रंगापेक्षा पिनची भोकं आधी बघतात. वेल्डने भरून परत ड्रिल करायची किंवा बुश, म्हणजे आत बसणारी छोटी नळी, घालायचं. गंज विजेने उतरवायला धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि १२ व्होल्टचा चार्जर, निगेटिव्ह अवजाराला, पॉझिटिव्ह टाकाऊ लोखंडी पत्र्याला, स्टेनलेस तिथे अजिबात वापरायचं नाही कारण त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी होतं. आणि कापणारी पट्टी बोल्टवरची असेल तर फेकू नका, बऱ्याच जुन्या ब्लेडची पट्टी उलटून लावता येते आणि दुसरी धार कुणी वापरलेलीच नसते.