नांगर खपवायला निघालेलं मासिक

छोट्या व्यावसायिकाला हल्ली जो तो सांगतो की नुसती जाहिरात करू नका, लोकांना वाचायला-बघायला काहीतरी द्या. म्हणून मसाले विकणारी ताई रेसिपीचे रील टाकते आणि रोपवाटिकेवाला कुंडी कशी भरायची ते दाखवतो. ही युक्ती मोबाइलबरोबर आली, असा अनेकांचा समज आहे. मराठी मुलखात मात्र नांगर करणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्याने ती १९२० सालीच वापरली होती. तिथवर तो कारखाना कसा पोचला हे नीट पाहिलं, तर आजच्या धंदेवाल्याला त्यातून पुष्कळ मिळेल असं मला मनापासून वाटतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं चित्रकलेचं शिक्षण त्यांना सोडावं लागलं. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथे थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतं आणि दुकानावर पाटी होती ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली स्थापना १८८८ ची मानतो ती या दुकानापासून. सायकलीच्या जोडीला कडबा कापायची यंत्रं आली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला.

नांगर खपेना. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची धारणा होती. या गोष्टीकडे नुसती अंधश्रद्धा म्हणून बघणं मला पटत नाही. लाकडी नांगर गावातला सुतार बाभळीच्या लाकडाचा करून द्यायचा, फाळाला लोहार टोक काढून द्यायचा आणि दोघांचा हिशोब सुगीला बलुत्यात व्हायचा. ऐन पेरणीच्या तोंडावर इसाड म्हणजे लांब दांडा मोडला किंवा रुमणं म्हणजे धरायची मूठ निखळली, तर माणूस हाकेच्या अंतरावर. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे आणि तो मोडला तर सुटा भाग आणायला बेळगाव गाठायचं. शेतकऱ्याच्या जागी कोणीही असता तरी बिचकला असता. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो आणि लोखंडी नांगर खोल जाऊन मातीची ढेप पालथी घालतो. हरळी, कुंद्यासारख्या चिवट तणाने भरलेल्या काळ्या रानात हा फरक डोळ्यांना दिसतो. पण तो दिसायला आधी कोणाच्या तरी रानात नांगर चालावा लागतो. लक्ष्मणरावांपुढची खरी अडचण ही होती आणि ती किंमत कमी करून सुटणारी नव्हती.

पुढे शहर वाढवण्यासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. त्या पडत्या काळात औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनालगतचा ३२ एकरांचा माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० मध्ये निवडुंग तोडून, साप मारून तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कालांतराने स्टेशनचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालं. उत्पादकाचं नाव रेल्वेच्या वेळापत्रकात छापलं जावं, याहून मोठी जाहिरात त्या काळी कोणती असेल? अर्थात ती पैसे देऊन मिळालेली नव्हती.

मग पहिलं महायुद्ध आलं. विलायती नांगरांची आवक आटली आणि देशी नांगराला मागणी आली. आता लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवायला जुन्या तोफा दिल्या. युद्ध संपल्यावर परदेशी माल परत येणार हे उघड होतं. मिळालेलं गिऱ्हाईक टिकवायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला.

याच सुमाराला, १९२० मध्ये, ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. काढणारे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, लक्ष्मणरावांचे पुतणे. मूळचे चित्रकार, आणि कारखान्याच्या जाहिरातींचं काम त्यांच्याकडे. सुरुवातीला ते कारखान्याचं मुखपत्र होतं. निव्वळ मालाची माहिती देणारं पत्रक लोक एकदा चाळतात आणि त्यात शेंगा बांधतात. शंवाकिंनी हळूहळू त्यात कथा, लेख, समाजसुधारणेची चर्चा, उद्योगाच्या गोष्टी आणल्या. नांगराशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा शिक्षक, कारकून, घरातली बाई हे अंक वाचू लागली. १९२९ मध्ये नावातली ‘खबर’ गेली आणि मासिक नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून येत होते. जुन्या रूढींवर इतकं सडेतोड लिहिणारा मजकूर छापताना गिऱ्हाईक दुखावेल ही भीती संपादकाला वाटली नसेल असं नाही, तरी तो छापला गेला.

माझ्या मते ही मासिकं चालली ती या मोकळेपणामुळे. दर पानावर नांगर विकायचा मोह आवरला, म्हणून घराघरात ते आडनाव आदराने घेतलं जाऊ लागलं. आजचे बरेच छोटे उद्योजक इथेच घाई करतात. तीन पोस्ट टाकल्या की चौथीत ऑर्डरचा नंबर, आणि आठवड्यात विक्री वाढली नाही की सगळं बंद. ‘खबर’पासून ‘स्त्री’पर्यंत दहा वर्षं गेली आणि त्यामागे हातात चांगला माल होता. माल लेचापेचा असता, तर मासिकाने तो तारला नसता.

मंदीच्या काळात नांगराची विक्री रोडावली तेव्हा वाडीने लोखंडी फर्निचर करून पाहिलं, पुढे पंप आणि इंजिनं आली. वस्तू बदलल्या तरी नाव तेच राहिलं. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी इतर उद्योजकांनी चित्रांची वाट धरली. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात शाईची पूड करायला घेतली ती घोडा छाप, आणि नंतर आला उंट, ज्याच्यावरून कॅमल आणि कॅम्लिन झालं. दुकानात मूल ‘उंटाची शाई’ मागत असे, आणि त्या दौतीसाठी तेवढं पुरेसं होतं.

अशा छापांना कायद्याचं पाठबळ मात्र उशिरा मिळालं. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्यात खोट्या छापाला शिक्षा होती, पण नोंदणीची रीतसर सोय झाली ती १९४० च्या ट्रेड मार्क्स ॲक्टने. नावाची किंमत किती वाढते हे किर्लोस्करांच्याच बाबतीत कोर्टात दिसलं. काही कंपन्यांनी आपल्या नावात ‘किर्लोस्कर’ शब्द घेतला, तेव्हा समूहाची चिन्हं सांभाळणाऱ्या किर्लोस्कर प्रोप्रायटरी कंपनीने हरकत घेतली. १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते नाव वापरण्यावरची मनाई कायम ठेवली. धंदा वेगळा असला तरी एवढ्या नावाजलेल्या शब्दामुळे लोकांची फसगत होऊ शकते, असा त्याचा रोख होता.

सध्या १९९९ चा ट्रेड मार्क्स कायदा लागू आहे. एकटा व्यावसायिक, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना नोंदणीच्या ऑनलाइन अर्जासाठी माल-सेवांच्या एका वर्गामागे ४,५०० रुपये फी पडते, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. ती मिळायला वेळ लागला, तरी धरली जाते अर्जाच्या तारखेपासून. त्यामुळे बाजारात पहिली नक्कल दिसेपर्यंत थांबण्यात काहीच फायदा नाही. लोणच्याच्या पहिल्या शंभर बरण्यांवर लेबल चिकटवतानाच हा अर्ज करून टाकावा.