विज्ञानपत्र घरी येईल तेव्हा

नमस्कार,

आमच्या विज्ञानपत्राची वर्गणी भरलीत, मनापासून आभार. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चार पानांचं पत्र टपालानं घरी येईल. पाकिटावर मुलाचं नाव असलं तरी पत्र घरातल्या सगळ्यांचं आहे. पहिली दोन पानं आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकट्यानं वाचता येतील अशी, मोठ्या अक्षरात. पुढची दोन मोठ्यांसाठी. विषय दोन्हीकडे एकच, म्हणजे रात्री जेवताना सगळ्यांना त्यावर बोलता येतं.

मे महिन्याच्या पत्राचंच घ्या. विषय : शून्य सावली. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १४ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास. दुसरी खेप पावसाळ्यात येते, तेव्हा बहुधा ढग असतात. दिल्लीला हा दिवस कधीच मिळत नाही.

टॉर्चमधला मोठा सेल गच्चीत उभा ठेवायचा. गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, म्हणून खाली पाट घ्या आणि पाण्यानं भरलेली थाळी ठेवून तो सपाट आहे का ते आधी बघा. बाराच्या आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सावली आखडत आखडत सेलच्या बुडाशी गडप होते. नजर सेलवर ठेवा. सूर्याकडे बघू नका.

पहिल्या वर्षी आम्ही तारखा गावागणिक दिल्या, वेळ मात्र सगळ्यांना पुण्याचीच छापली : १२ वाजून ३१ मिनिटं. नागपूरच्या सहावीतल्या एका मुलीचं कार्ड आलं. तिच्या सेलची अर्धा सेंटीमीटर सावली तेव्हा पूर्वेला पडली होती. चूक आमची होती. घड्याळ साऱ्या देशाचं एक असलं, तरी पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी माथ्यावर येतो, एका रेखांशाला ४ मिनिटं. नागपूर पुण्याच्या सव्वापाच अंश पूर्वेला, म्हणजे तिथे २१ मिनिटं आधी, १२ वाजून १० मिनिटांनी. पुढच्या पत्रातली मोठ्यांची दोन्ही पानं आम्ही त्या कार्डावरच लिहिली.

तेव्हापासून प्रत्येक पाकिटात आमचा पत्ता छापलेलं एक कोरं पोस्टकार्ड असतं. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तराखाली सही मिळेल. ती रीत आम्हाला फार मोलाची वाटते. प्रत्येक कार्डाला आम्ही हातानं लिहून उत्तर देतो. त्याला तीन आठवडेही लागतात, कारण बऱ्याचदा प्रयोग आधी आम्हाला करून बघावा लागतो.

पालकांना एक विनंती. प्रश्न मुलाच्याच शब्दांत येऊ द्या. शुद्धलेखन सुधारू नका आणि उत्तर मोबाइलवर आधीच शोधून देऊ नका. आजी-आजोबांनीही जरूर लिहावं.

घर बदललंत, तर महिन्याच्या २० तारखेच्या आत कळवा, म्हणजे पुढचं पत्र नव्या पत्त्यावर येईल.