लाईट गेल्यावर मूसचं काय होतं

मागच्या एप्रिलात निपाणीहून पाहुणे यायचे होते, रविवारी दुपारी जेवायला. मी शनिवारी रात्रीच आंब्याचा मूस करून बारा ग्लासात भरून फ्रीजमध्ये ठेवला, म्हणजे सकाळी कसं निवांत. वर पुदिन्याचं एकेक पान पण ठेवलेलं. रविवारी दहाच्या सुमारास लाईट गेली ती दोनला आली आणि त्या चार तासात घरातल्या प्रत्येकाने "बघू तरी थंड आहे का" म्हणून एकेकदा फ्रीज उघडला. जेवणं झाल्यावर ग्लास बाहेर काढले तर फेस दोन बोटं खाली बसलेला, पान कडेला चिकटलेलं आणि तळाला पिवळट पाणी. पाहुणे बिचारे चांगले हो. "पन्हं मस्त झालंय" म्हणाले.

आता मी बीएस्सी केमिस्ट्रीचा माणूस, त्यामुळे दुःख व्हायच्या आधी उत्सुकता वाटली. काल रात्री चमचा उभा राहत होता त्यात, आज प्यायला येतंय, मधे नक्की काय झालं?

फ्रेंचमध्ये मूस म्हणजे फेसच. (आपल्याकडची मूस सोनाराकडे असते, तिचा याच्याशी संबंध नाही.) मूस, सुफ्ले, मेरँग, सेमीफ्रेडो ही सगळी भारीतली नावं ऐकून आपण घाबरतो, पण मुळात सगळा फेसच आहे, पाण्यात अडकवलेली हवा, आणि ती हवा पहिल्या मिनिटापासून सुटायला बघत असते. सुटायचे रस्ते तीन. बुडबुड्यांच्या भिंतीतलं पाणी हळूहळू खाली झिरपतं, माझ्या ग्लासात तळाला दिसलं ते हेच. दुसरं, भिंत पातळ झाली की फुटते आणि दोन बुडबुड्यांचा एक होतो. तिसरा रस्ता जरा गमतीचा आहे, लहान बुडबुड्याच्या आत दाब जास्त असतो, मोठ्याच्या आत कमी, त्यामुळे भिंत न फुटता सुद्धा लहानातली हवा झिरपून मोठ्यात जाते, लहान आणखी लहान होत संपतो आणि मोठा आणखी फुगतो. भांडी घासायच्या टबात बघा की, सुरुवातीला साबणाचा फेस बारीक असतो आणि अर्ध्या तासाने बघितलं तर थोडेच पण मोठमोठे फुगे उरलेले असतात.

म्हणजे आदल्या दिवशी करून ठेवायचा गोड पदार्थ म्हटलं की खरा प्रश्न फेस कसा करायचा हा नाहीच, तो बीटर असला की शाळकरी पोरगं पण करतं. झालेल्या फेसाला कुलूप कुठलं लावायचं आणि ते कुलूप किती टेंपरेचरला उघडतं, हा प्रश्न आहे. आणि आपल्याकडे त्याला जोडून, लाईट गेल्यावर ते किती वेळ टिकतं.

आधी अंडं. पांढऱ्या भागात साधारण 90 टक्के पाणी आणि 10 टक्के प्रोटीन. ही प्रोटीनं लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली असतात. फेटलं की गुंडे उलगडतात आणि बुडबुड्याच्या कडेला जाऊन उभे राहतात, त्यांचा काही भाग पाण्याकडे ओढ घेतो, काही भाग हवेकडे, आणि शेजारचे एकमेकांना धरून जाळी करतात. सहा ते आठपट फुगतं. पण त्या जागेवर तेला-तुपाचा थेंब किंवा पिवळं बलक येऊन बसलं की प्रोटीनला जागाच उरत नाही, म्हणून भांडं अगदी कोरडं आणि बिनतेलाचं पाहिजे. प्लॅस्टिकचं तर नकोच, त्याला कितीही घासलं तरी थोडा तेलकटपणा राहतोच.

जास्त फेटलं तर मात्र ही प्रोटीनं एकमेकांना इतकी घट्ट धरतात की मधलं पाणी पिळून बाहेर येतं आणि फेस दाणेदार, कोरडा दिसायला लागतो. एका अंड्याच्या पांढऱ्याला अर्धा चमचा लिंबाचा रस घातला की ही घट्ट पकड होत नाही. युरोपात जुने आचारी यासाठी तांब्याचं भांडं वापरायचे, ते थोतांड नाही, 1984 साली 'नेचर' मासिकात यावर पेपरच आला होता, तांब्याचे अणू पांढऱ्यातल्या एका प्रोटीनला जाऊन चिकटतात आणि मग फेस लवकर बिघडत नाही. हे वाचून मी उत्साहाने आत्तीचं तांब्याचं पातेलं काढलं माळ्यावरून. पण ते आतून कल्हई केलेलं! अंड्याला तांबं लागणारच नाही तर उपयोग काय. आणि बिनकल्हईचं मिळालं तरी त्यात लिंबू पिळू नका, तांबं विरघळून पोटात जातं. दोन्हीपैकी एकच करायचं, आणि लिंबू स्वस्त आहे.

साखर घातली की भिंतीतलं पाणी पाकासारखं जड होतं आणि सावकाश झिरपतं. पण सुरुवातीलाच सगळी ओतली तर फेस यायला फार वेळ लागतो, म्हणून थोडा फेस आल्यावर चमचा चमचा.

आता क्रीम. इथे मला पुस्तकापेक्षा आत्तीने जास्त शिकवलं. तिचं माहेर खानापूरकडचं, घरात म्हशी, रोजचं ताक घुसळणं. मी एकदा क्रीम फेटत होतो, छान शिगेला आलेलं, तरी आणखी घट्ट होऊ दे म्हणून बीटर चालूच ठेवला. ती मागून म्हणाली, "काय करालास रे, लोणी यायला लागलंय की." आणि खरंच, पुढच्या पंधरा सेकंदात भांड्यात पिवळट गोळे आणि पाणी. तिने ते नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं.

क्रीमचा फेस म्हणजे अर्ध्यात थांबवलेलं लोणी, बस एवढंच आहे ते. दुधातली चरबी बारीक गोळ्यांच्या रूपात असते, प्रत्येक गोळीला पातळ पापुद्रा. फ्रीजच्या थंडीत, 4 ते 7 अंशाला, गोळीतली चरबी अर्धी घट्ट आणि अर्धी पातळ असते. फेटताना पापुद्रे फाटतात, गोळ्या एकमेकींना चिकटतात, पण आतला घट्ट भाग त्यांना पूर्ण एकजीव होऊ देत नाही, मग त्यांच्या माळा होतात आणि त्या माळा बुडबुड्याभोवती भिंत बांधतात. थांबला नाहीत तर माळांचे गोळे होतात, तेच लोणी. आणि क्रीम कोमट असेल तर चरबी सगळीच पातळ, भिंत बांधायला वीटच नाही. म्हणून उन्हाळ्यात आत्ती घुसळताना गार पाणी घालायची आणि थंडीत कोमट, चरबी ना फार कडक ना फार पातळ अशी ठेवायला. थर्मामीटर तिच्या बोटात होता.

दुकानात फ्रेश क्रीम म्हणून जे पाकीट मिळतं त्यावर बहुतेक वेळा 25 टक्के फॅट लिहिलेलं असतं, ते भाजीत घालायला ठीक, फेटून उभं राहत नाही. किमान 30 पाहिजे, 35 असेल तर उत्तम, पाकिटाच्या मागे वाचून घ्या. घरच्या उकळलेल्या दुधाची साय पण चालत नाही, ती फेस न होता थेट लोण्याच्या वाटेला लागते. आणि बऱ्याच बर्थडे केकवर असतं ते व्हिप क्रीम दुधाचं नसतंच, घट्ट केलेल्या वनस्पती तेलाचं असतं, म्हणून ते उन्हात पण ताठ उभं राहतं आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो. मला नाही आवडत, पण लाईट गेल्यावर तेच जिंकतं हे कबूल करायला पाहिजे.

तर कुलपं. माझ्या आंब्याच्या मूसला नुसत्या क्रीमच्या चरबीचं कुलूप होतं. दुधाची चरबी पंधरा-वीस अंशापासूनच मऊ पडायला लागते आणि एप्रिलात बेळगावात दुपारी पारा पस्तीसच्या घरात. बंद फ्रीज लाईटशिवाय साधारण 4 तास थंडी धरतो असं म्हणतात, पण ते दार न उघडता हो, आमच्यासारखं दर वीस मिनिटांनी दर्शन घेऊन नाही.

जिलेटिन घालता आलं असतं. ते थंडीत जाळी करून पाणी पकडून ठेवतं आणि साधारण अंगाच्या उष्णतेला वितळतं, म्हणून तर तोंडात इतकं छान लागतं. पण इथेच गोची आहे बघा, जे जिभेवर विरघळतं ते एप्रिलातल्या टेबलावर पण विरघळणार. शिवाय ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं, आमच्याकडे निम्मे पाहुणे त्याला हात लावणार नाहीत. मग चायना ग्रास, समुद्री शेवाळाचं. ते एकदा बसलं की वितळायला 85 अंशाच्या आसपास लागतं, लाईट चार दिवस गेली तरी हलणार नाही, पण तोंडात पण हलत नाही, चावावं लागतं. मूस चावून खायचा म्हणजे काय मजा.

मधला रस्ता चॉकलेट. कोको बटर 34 अंशाच्या आसपास वितळतं आणि त्याखाली चांगलं घट्ट असतं. वितळवलेलं डार्क चॉकलेट फेसात मिसळून गार केलं की भिंतीच कोको बटरच्या होतात, लाईट जाऊन फ्रीजमध्ये वीस अंश झाले तरी त्याला काही फरक पडत नाही. मिसळताना चॉकलेट कोमट पाहिजे, गरम नाही, आणि चमच्याने गरागरा फिरवायचं नाही, खालून वर घडी घालत मिसळायचं, नाहीतर कष्टाने अडकवलेली हवा आपणच सोडून देतो.

कच्च्या अंड्याबद्दल एक महत्त्वाचं. आदल्या दिवशी करायचं, त्यात लाईटचा भरवसा नाही, मग कच्चं अंडं नकोच, साल्मोनेला वाढतो. अंडं 71 अंशापर्यंत तापलं की ती भीती जाते. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून त्यात अंडं आणि साखर सतत फेटत तापवायचं, साखर असली की अंडं जरा उशिरा शिजतं म्हणून त्याची भुर्जी होत नाही. पण हात सोडायचा नाही.

दुसरी पद्धत इटलीची म्हणतात, फेटलेल्या पांढऱ्यावर गरम पाक बारीक धारेने ओतायचा, बीटर चालू ठेवून. तिथल्या रेसिपीत पाक 118 अंशाला घ्या असं असतं. मी थर्मामीटर लावून तसंच केलं आणि पाक दर वेळी जरा जास्तच घट्ट, भांड्याच्या कडेला त्याच्या काचा. नंतर डोक्यात उजेड पडला, बेळगाव समुद्रापासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 100 ला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं, त्यामुळे पाक पण अडीच अंश आधीच तयार होतो. इथला 118 म्हणजे गोव्याचा साडे-एकशेवीस. मग आत्तीच्या पद्धतीने वाटीत गार पाणी घेऊन पाकाचा थेंब टाकून बघितला, गोळीबंद झाला की ओतला. थर्मामीटरला गाव बदललं की दुरुस्ती लागते, गोळीला लागत नाही, कारण ती टेंपरेचर नाही तर पाकात पाणी किती उरलंय तेच सांगते. कुंदा आटवणाऱ्या गावात हे मला इतक्या उशिरा कळावं याची लाज वाटली थोडी.

हेच पाकाचं पांढरं ओव्हनमध्ये 90-100 अंशाला दोनेक तास वाळवलं की कुरकुरीत मेरँग होतं, त्याला ना फ्रीज लागतो ना लाईट. पण त्याचं कुलूप उष्णतेने नाही, दमटपणाने उघडतं. साखर हवेतलं पाणी ओढते. जुलैत खानापूर-जांबोटीकडे न्यायचा विचार पण करू नका, डबा उघडल्यावर दहा मिनिटात हाताला चिकटायला लागतं.

गोव्यातली सेराडुरा मला या बाबतीत फार हुशार वाटते. पोर्तुगीज नाव, अर्थ लाकडाचा भुसा. फेटलेलं क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क यांचा एक थर, मारी बिस्किटाच्या चुऱ्याचा एक थर, असं वर वर रचत जायचं. कंडेन्स्ड मिल्क जड असल्याने पाणी सावकाश उतरतं, आणि उतरेल ते बिस्किटाचा चुरा पिऊन टाकतो. म्हणजे गळती थांबवलीच नाही, खाली टॉवेल अंथरला.

सगळ्यात पक्कं कुलूप फ्रीझरचं, उणे 18 ला बुडबुड्याने कुठे जायचं म्हटलं तरी जागच्या जागी गोठलेला. सेमीफ्रेडो म्हणजे तेच. चार बलकं आणि 100 ग्रॅम साखर वर सांगितलं तसं तापवून पांढुरकं, जाडसर होईपर्यंत फेटायचं, पूर्ण गार करायचं, मग 300 मिली फेटलेलं क्रीम घडी घालत मिसळून रात्रभर फ्रीझरमध्ये. आइस्क्रीमसारखं मधे मधे ढवळावं लागत नाही, कारण साखरेमुळे सगळं पाणी गोठत नाही आणि हवेमुळे बर्फाच्या कणांना एकमेकांना भेटायला जागा मिळत नाही. गच्च भरलेला डीप फ्रीझर बंद ठेवला तर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा रिकामा असेल तर एकच. म्हणून मी आता रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतो. मात्र एकदा पूर्ण वितळलं तर परत गोठवू नका, हवा गेलेली असते, नुसती बर्फाची वडी मिळते.

जे लोक अंडं खात नाहीत त्यांच्यासाठी छोले शिजवलेलं पाणी फेटतात, 2014 साली फ्रान्समध्ये एकाने शोधून काढलं, त्यात पण प्रोटीन आणि साबणासारखा फेस आणणारे घटक असतात. पुरणाची डाळ शिजताना वर येतो तो फेस याच जातीचा. आमच्याकडे ते पाणी येळवणीच्या आमटीला जातं, आत्ती ते फेटायला देईल असं वाटत नाही, विचारून बघितलं होतं.

यंदा त्याच पाहुण्यांना परत बोलावलं. सेमीफ्रेडो, आंब्याचाच. फ्रीझरवर मोठ्या अक्षरात "उघडू नये" लिहून चिकटवलं, जेवणं उरकताना दहा मिनिटं आधी बाहेर काढला म्हणजे सुरी नीट लागते, आणि ओल्या सुरीने वड्या पाडल्या. लाईट दिवसभर गेलीच नाही.