कंपवाताची औषधे आणि हृदयाच्या झडपा : पार्श्वभूमी

पार्किन्सन्सवरील, म्हणजे कंपवातावरील, काही औषधांमुळे हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, हे २००७ साली निर्विवादपणे पुढे आले. मात्र याच कुळातील औषधांबाबतची धोक्याची सूचना त्याआधी चाळीसेक वर्षे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली होती. ती पार्किन्सन्सच्या रुग्णांपर्यंत पोहोचायला इतका काळ का लागला, हा प्रश्न आजही विचारायला हवा.

अमेरिकेतील संशोधक जॉर्ज कोटझियास यांनी १९६७ मध्ये लेव्होडोपाच्या मोठ्या मात्रेचा गुण दाखवून दिला आणि या आजाराच्या उपचारांना नवी दिशा मिळाली. लेव्होडोपाचे डोपामिनमध्ये, म्हणजे या आजारात मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनात, रूपांतर मेंदूबाहेरही होत असल्याने मळमळ, उभे राहताच रक्तदाब उतरणे, क्वचित ठोके अनियमित होणे असे त्रास होत. हे रूपांतर मेंदूबाहेर रोखणाऱ्या कार्बिडोपाची जोड मिळाल्यावर मळमळ आणि ठोक्यांचा त्रास बराच आटोक्यात आला. पुढची अडचण मात्र वेगळी होती. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर ओसरू लागे आणि शरीराच्या अनैच्छिक हालचाली सुरू होत. त्यामुळे डोपामिनचे काम थेट करणाऱ्या औषधांचा शोध सुरू झाला. १९७४ मध्ये ब्रोमोक्रिप्टिनचा वापर पुढे आला, १९८८ मध्ये अमेरिकेत परगोलाइडला मंजुरी मिळाली आणि नंतर दिवसातून एकदाच घ्यावे लागणारे कॅबरगोलिन आले. ही तिन्ही औषधे अरगटच्या, म्हणजे राय या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या रसायनांपासून घडवलेली आहेत.

याच कुळातले मेथिसर्जाइड अर्धशिशीसाठी दिले जात असे. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांभोवती, फुप्फुसांच्या आवरणात आणि हृदयाच्या झडपांवर तंतुमय ऊतक साचते, असे १९६० च्या दशकातच दिसून आले होते. १९९७ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी वजन घटवण्यासाठी फेनफ्लुरामिन व फेंटरमिन घेणाऱ्या २४ स्त्रियांमध्ये तसाच झडपांचा विकार नोंदवला. ती औषधे अरगटपासून बनलेली नव्हती. मग दोष नेमका कशात, याचे उत्तर २००० च्या सुमारास मिळाले : झडपांच्या पेशींवर सेरोटोनिन या शरीरातील रसायनाचा ‘५-एचटी२बी’ नावाचा ग्राहक (ते रसायन पेशीला जिथे जोडले जाते ती जागा) असतो आणि तो सतत चेतवला गेला, की त्या पेशी वाढू लागतात. परगोलाइड आणि कॅबरगोलिन हा ग्राहक जोरात चेतवतात. हृदयाला झालेली इजा, म्हणजे, त्यांच्या डोपामिनसारख्या गुणामुळे झालेली नव्हती.

अशी झडप शस्त्रक्रियेत पांढरी, चकाकणारी आणि जाड झालेली दिसते. तिला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या आखडतात, पाकळ्या पुरत्या मिटत नाहीत आणि रक्त मागे गळते. रुग्णाला जाणवतो तो थकवा, दम आणि पायांवरची सूज. पार्किन्सन्स असलेल्या वृद्ध माणसाच्या या तक्रारी वयाच्या किंवा मूळ आजाराच्या खात्यावर टाकणे फार सोपे असते, आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्याशिवाय गळतीचा नेमका अंदाज येत नाही. माझ्या मते विलंबाचे मोठे कारण हेच आहे.

२००२ मध्ये मेयो क्लिनिकमधूनच परगोलाइड घेणाऱ्या तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली. जानेवारी २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. इटलीतील अभ्यासात झडपेची लक्षणीय गळती परगोलाइड घेणाऱ्या २३.४ टक्के आणि कॅबरगोलिन घेणाऱ्या २८.६ टक्के रुग्णांत आढळली. अरगटेतर औषधे घेणाऱ्यांत ती एकाही रुग्णात नव्हती, तर तुलनेसाठी निवडलेल्या, पार्किन्सन्स नसलेल्या गटात ५.६ टक्के होती. ब्रिटनमधील नोंदींवर आधारलेल्या दुसऱ्या अभ्यासानेही याला दुजोरा दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये परगोलाइड अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. युरोपात कॅबरगोलिनची मात्रा दिवसाला ३ मिलिग्रॅमपुरती मर्यादित झाली आणि उपचारापूर्वी व नंतर ठरावीक काळाने इको सक्तीचा झाला.

प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्यामुळे कॅबरगोलिन घेणाऱ्यांनी हे वाचून परस्पर गोळी बंद करू नये. तिथे सहसा आठवड्याला अर्धा ते दोन मिलिग्रॅम इतकी मात्रा असते आणि ती पार्किन्सन्सच्या मात्रेच्या कितीतरी कमी आहे. रोपिनिरोल आणि प्रामिपेक्सोल ही अरगटेतर औषधे हा ग्राहक फारसा चेतवत नाहीत. लिसुराइड तर अरगटच्याच कुळातले असूनही या ग्राहकाला रोखते, आणि त्याच्याबाबत झडपांचा असा विकार दिसलेला नाही. आता नवे औषध माणसाला देण्याआधीच ते ‘५-एचटी२बी’ चेतवते का, हे प्रयोगशाळेत तपासून पाहिले जाते.