गोटी, काडेपेटी आणि वेगाचा वर्ग

नववीतल्या मुलाला गतिज ऊर्जेचे सूत्र विचारले तर ‘एक छेद दोन एम व्ही वर्ग’ (एम म्हणजे वस्तुमान, व्ही म्हणजे वेग) हे उत्तर झोपेतही मिळते. त्याच मुलाला विचारा, ‘दुचाकीचा वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला किती पट रस्ता लागेल?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘दुप्पट’. वर्ग पाठ झालेला असतो, पण तो कुठून आला हे मुलाने कधी पाहिलेले नसते. म्हणून कार्य, ऊर्जा आणि गती शिकवताना सूत्र फळ्यावर नंतर यावे. आधी मुलांनी स्वतः मोजलेल्या आकड्यांतून तो वर्ग बाहेर पडला पाहिजे. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मोजायचे कसे आणि मोजमाप कुठे फसते, एवढे मात्र शिक्षकाला नेमके माहीत हवे.

पहिली अडचण भाषेची आहे. रोजच्या मराठीत जोर, बळ, ताकद, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसतात. ‘तापामुळे अंगात शक्ती नाही’ या वाक्यातली शक्ती भौतिकशास्त्रातली शक्ती नव्हे. पुस्तकात बल न्यूटनमध्ये मोजतात, ऊर्जा आणि कार्य ज्यूलमध्ये, आणि शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, तो वॅटमध्ये. व्याख्या घोकून हा गोंधळ सुटत नाही. पहिले दोन आठवडे एकच शिस्त पाळावी: यातला कोणताही शब्द उच्चारला की त्याचे एकक जोडायचे. ‘कार्य’ हा शब्द त्यातल्या त्यात सोयीचा, कारण भांडी घासण्याला घरात कोणी कार्य म्हणत नाही. घरातले कार्य म्हणजे लग्न किंवा मुंज. त्यामुळे विज्ञानाच्या तासाला ‘काम’ हा शब्द बाजूला ठेवून सतत ‘कार्य’च म्हटले, तर मुले दोन्ही अर्थ वेगळे ठेवू शकतात.

कार्याची ओळख विटेने करून द्यावी. एक वीट, सुतळी आणि पाच किलोपर्यंतचा तानकाटा पुरतो. काट्यावर किलोच्या खुणा असतील तर आकड्याला ९.८ ने गुणले की न्यूटन मिळतात. तीन किलोची वीट फरशीवरून एक मीटर ओढायची आणि काटा वाचायचा. इथे मुले हमखास चुकतात, कारण वीट हलण्याच्या क्षणी काटा सर्वांत पुढे जातो आणि तोच आकडा वहीत जातो. स्थिर वस्तूचे घर्षण सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असते, म्हणून वीट संथ, एकसारखी सरकू लागल्यानंतरचाच आकडा घ्यावा. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर; तो आकडा १५ न्यूटन आला, तर एक मीटरमागे १५ ज्यूल कार्य झाले. मग तीच वीट तेवढीच, म्हणजे एक मीटर, सरळ वर उचलायची. आता काटा सुमारे २९ न्यूटन दाखवतो, म्हणून कार्य २९ ज्यूल. त्यानंतर फळीची उतरण करून वीट तेवढ्याच उंचीवर ओढून न्यावी. बल कमी लागते, अंतर वाढते, आणि गुणाकार २९ पेक्षा बराच जास्त येतो, कारण घर्षणाचा वाटाही द्यावा लागला. घाटातला रस्ता वळणे घेत का चढतो, हे इथे एका वाक्यात सांगून पुढे जाता येते.

यानंतर कोणीतरी नक्की विचारते: वीट नुसती हातात धरून उभे राहिले तर विस्थापन शून्य, म्हणजे कार्यही शून्य, मग हात का भरून येतो? ‘सूत्रात तसे आहे’ असे सांगून हा प्रश्न कधीही झटकू नये. वीट ताणून धरताना स्नायूंतले तंतू स्थिर नसतात. ते सतत आकुंचन पावतात आणि सैल होतात, त्यात अन्नातून आलेली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता बनते. विटेवर झालेले कार्य शून्यच असते. तीच वीट टेबलावर ठेवली तर टेबल ती वर्षभर धरून ठेवते, आणि त्याला काहीच खर्च करावा लागत नाही.

आता मुख्य प्रयोग. विजेच्या सामानाच्या दुकानात वायर झाकण्यासाठी पीव्हीसीची केसिंग पट्टी मिळते. एक इंची, सुमारे दोन मीटर लांबीची पट्टी घ्यावी आणि झाकण सरकवून काढून टाकावे. उरलेली पन्हळ म्हणजे गोटीचा रस्ता. दुकानातच गोटी घालून पाहावी; कडांना अडकत असेल तर पट्टी बदलावी. पट्टीचे एक टोक पुस्तकांच्या चळतीला किंवा स्टुलाला बांधायचे, आणि खालचे २५-३० सेंटिमीटर टेबलावर सपाट टेकेल अशी अलगद बाक द्यायची.

ही बाक सर्वांत महत्त्वाची. सरळ फळी तिरकी टेकवली, तर गोटी टेबलावर आपटते आणि वेगाचा खाली जाणारा भाग तिथेच गमावते. उतार ३० अंशांचा असेल तर जवळपास पाव ऊर्जा त्या एका ठोक्यात जाते. त्यात आणखी, उंची वाढवण्यासाठी फळीचे टोक उचलले की उतार बदलतो, नुकसानीचे प्रमाणही बदलते आणि आकड्यांत कसलेच नाते दिसत नाही. म्हणून पट्टी एकदा बांधली की हलवायची नाही. गोटी सोडण्याची जागा तेवढी बदलायची. पट्टीवर १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. ही उभी उंची आहे, उतारावरची लांबी नव्हे. मुले टेप उतारावर धरतात, तिथे लक्ष ठेवावे. गोटी बोटाने सोडली तर नकळत धक्का बसतो. तिच्यापुढे मोजपट्टी आडवी धरून ती झटकन वर काढावी.

खाली टेबलावर काडेपेटीचा आतला ट्रे ठेवायचा. त्याची एक आखूड भिंत कापून तोंड पन्हळीकडे करायचे आणि समोरच्या भिंतीला मळलेल्या कणकेची पातळ चकती आतून चिकटवायची, म्हणजे गोटी उसळून मागे येत नाही. गोटी आत शिरते, कणकेला चिकटते आणि ट्रे घेऊन सरकत जाते. पंखा बंद हवा आणि टेबल कोरडे हवे. प्रत्येक उंचीवरून पाच वेळा सोडून सरासरी काढावी. दहा सेंटिमीटरवरून ट्रे ८ सेंटिमीटर सरकला, तर वीसवरून साधारण १६, तीसवरून २४ आणि चाळीसवरून ३२ सेंटिमीटरच्या आसपास जायला हवा. म्हणजे उंचीच्या प्रमाणात. ट्रेवरचे घर्षणबल बदललेले नाही, त्यामुळे सरकलेले अंतर हेच घर्षणाविरुद्ध झालेल्या कार्याचे माप.

मग वेगाचे काय? पट्टीचे सपाट टोक टेबलाच्या कडेला आणायचे, ट्रे काढायचा आणि गोटी जमिनीवर पडू द्यायची. जमिनीवर पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवला की पडलेल्या जागी काळा ठिपका उमटतो. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल, तर गोटी कितीही वेगाने सुटली तरी पडायला ०.३९ सेकंदच लागतात. कडेच्या बरोबर खाली ओळंबा धरून तिथून ठिपक्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि ०.३९ ने भागायचे, वेग मिळाला. दहा सेंटिमीटरवरून सोडलेली गोटी सुमारे ४५ सेंटिमीटरवर पडते आणि चाळीसवरून सोडलेली सुमारे ९० वर. उंची चौपट, वेग फक्त दुप्पट, पण काडेपेटी सरकली होती चौपट. हे तीन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि थोडा वेळ काहीही बोलू नये. मुलांमधून कोणीतरी ‘वर्ग!’ म्हणते, तोपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

हुशार मूल इथे एक गणित करून दाखवील. चाळीस सेंटिमीटरवरून आलेल्या गोटीचा वेग सेकंदाला २.८ मीटर हवा, म्हणजे ती ११० सेंटिमीटरवर पडायला हवी. मग ९० वरच का पडली? ‘घर्षणामुळे’ हे ठरीव उत्तर देऊ नये, कारण मोठा वाटा घर्षणाचा नाहीच. गोटी घसरत आलेली नाही, घरंगळत आली आहे. सपाट तळावर घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याची दोन सप्तमांश ऊर्जा, म्हणजे शंभरातले जवळजवळ २९ भाग, स्वतःभोवती फिरण्यात असतात. उरलेल्या ७१ भागांतून वेग काढला तर गोटी सुमारे ९२ सेंटिमीटरवर पडायला हवी. शिल्लक तफावत मात्र घर्षणाची. प्रत्येक उंचीला हे प्रमाण तेच राहते, म्हणून चौपट-दुप्पटचे नाते बिघडत नाही.

हाच वर्ग रस्त्यावर आणावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली दुचाकी ताशी ३० किलोमीटरवरून थांबायला साधारण ५ मीटर घेते, ६० वरून २०. ब्रेक दाबायचे डोक्यात येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात अनुक्रमे ८ आणि १७ मीटर मिळवायचे. म्हणजे १३ मीटर आणि ३७ मीटर. शाळेच्या मैदानात चुन्याने या दोन रेघा मारून मुलांना त्यांच्यामधून चालायला लावावे. पुढच्या दोन-तीन वर्षांत यातली बरीच मुले गाडीला हात लावणार आहेत, म्हणून हा भाग वेळ नाही म्हणून गाळू नये.

वस्तुमानाचा परिणाम दाखवायला मात्र काडेपेटी वापरू नका. काचेच्या गोटीऐवजी तिप्पट जड पोलादी छर्रा सोडला की ट्रे तिप्पट सरकेल अशी अपेक्षा असते, पण तो तिप्पट सरकतच नाही. गोटी ट्रेला धडकते त्या क्षणी काही ऊर्जा कणकेत मुरते, आणि तिचे प्रमाण गोटी-ट्रेच्या वस्तुमानांवर ठरते. शिवाय छर्रा आत बसल्यावर ट्रे जड होतो आणि घर्षण वाढते. गोटी ५.४ ग्रॅमची आणि ट्रे ३ ग्रॅमचा धरला, तर हिशेबाने उत्तर पावणेदोन पटीच्या जवळ येते. मुलांना इथे सूत्रच खोटे वाटू लागते.

त्यासाठी जुनाच मार्ग चांगला. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात मोठा वाद होता: गतीचे खरे माप वस्तुमान गुणिले वेग, की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग? जर्मन गणितज्ञ लायब्निट्झ यांनी १६८६ मध्ये वर्गाची बाजू घेतली. नेदरलँड्समधले विलेम ग्राव्हेसांड यांनी १७२० च्या दशकात मऊ मातीवर पितळी गोळे टाकून खड्डे मोजले, आणि फ्रान्समधल्या एमिली द्यु शातले यांनी १७४० मध्ये फ्रेंचमध्ये लिहिताना तीच बाजू लावून धरली. आपल्याकडे या प्रयोगाला शाडूची माती उत्तम. १६ मिलिमीटरची काचेची गोटी आणि बेअरिंगच्या दुकानातला पाच सुती छर्रा घ्यावा. आकार जवळपास एकच. गोटी सुमारे ५.४ ग्रॅम, छर्रा १६.३ ग्रॅम. दहा गोट्या एकत्र तोलून दहाने भागावे. शाडू पोळीच्या कणकेइतका मऊ मळून परातीत चार-पाच सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा आणि वरून ओला हात फिरवावा.

गोटी ९० सेंटिमीटरवरून सोडायची. छर्रा कुठून सोडला तर तेवढाच खड्डा पडेल? वस्तुमान गुणिले वेग हे माप खरे असेल तर १० सेंटिमीटरवरून, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग खरे असेल तर ३० वरून. आधी मुलांचे हात वर करून मत घ्यावे आणि मगच छर्रा सोडावा. खड्ड्यांची रुंदी मोजली की तीसचा खड्डा जुळतो आणि दहाचा स्पष्ट लहान दिसतो. माती फार सैल असेल तर दोन्ही गोळे अर्ध्याहून जास्त रुततात. मग खड्ड्याची रुंदी गोळ्याइतकीच राहते आणि तुलना फसते. घट्ट असेल तर खड्डा मोजण्याइतका पडत नाही. माती वाळत जाते, म्हणून गोटी आणि छर्रा आलटून-पालटून टाकावेत, आणि दोन खड्ड्यांत तीन सेंटिमीटर तरी अंतर ठेवावे.

सूत्रातला ‘एक छेद दोन’ आता फळ्यावर दोन ओळींत येतो. थांबलेल्या वस्तूवर एकसारखे बल लावले आणि तिचा वेग शून्यापासून v पर्यंत गेला, तर सरासरी वेग v चा निम्मा. म्हणून कापलेले अंतर v भागिले दोन, गुणिले वेळ. बल म्हणजे वस्तुमान गुणिले v, भागिले वेळ. दोन्हींचा गुणाकार केला की वेळ छेदला जातो आणि ½mv² उरते. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनी ‘कार्य’ ही संज्ञा आणि हा अर्धा १८२९ मध्ये रूढ केला.

शक्तीसाठी जिना पुरेसा आहे. मुलाचे वजन ४० किलो, पायऱ्या २०, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, एकूण चढ ३ मीटर: कार्य ११७६ ज्यूल. चालत दहा सेकंदांत चढला तर ११८ वॅट, पळत चारमध्ये चढला तर २९४ वॅट. कार्य दोन्ही वेळा तेच. वेळ फक्त चढतानाची घ्यावी, एका वेळी एकच मूल, आणि पायात सैल चपला नकोत. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे शेतातल्या पाच अश्वशक्तीच्या पंपाशी तुलना मुले आपणहून करतात.

मग घरचे वीजबिल आणायला सांगावे. त्यावरचे ‘युनिट’ शक्तीचे नसून ऊर्जेचे एकक आहे: एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याच मुलाला एका युनिटएवढे कार्य करायला तो जिना तीन हजारांहून जास्त वेळा चढावा लागेल. याच्या शेजारी खोपोलीचे जलविद्युत केंद्र ठेवावे. ते १९१५ मध्ये सुरू झाले, आणि घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून तिथे सुमारे ५०० मीटर खाली येते. एक हजार लिटर पाणी एवढे खाली आले की ४९ लाख ज्यूल मोकळे होतात. एकाही यंत्रात काही वाया गेले नाही असे धरले, तरी हे होतात १.३६ युनिट.