आकाशवाणीची ट्यून नक्की कुणाची? काउफमानची थोडी पार्श्वभूमी

ट्यून कशी आहे ते सांगत बसत नाही, पहाटे रेडिओ लावणाऱ्या घरात वाढलेल्यांच्या कानात ती असतेच. वॉल्टर काउफमान हे नावही हल्ली फॉरवर्डमधून फिरत असतं, 'आपली ट्यून एका ज्यू निर्वासिताने केली' वगैरे. गोष्ट तेवढी सरळ नाहीये.

माणूस १९०७ चा, कार्ल्सबादचा. जन्मला तेव्हा गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, अकरा वर्षांनी तेच गाव चेकोस्लोवाकियात गेलं. घरची भाषा जर्मन, धर्म ज्यू. म्हणजे आपण नेमके कुठले हा प्रश्न त्याला मुंबईत येऊन पडला असं काही नाही. शिक्षण बर्लिन आणि प्राग, मग हिटलर आला आणि १९३४ च्या सुरुवातीला हा मुंबईत. इथे ओळखीपाळखीच्या लोकांना जमवून त्याने चेंबर म्युझिकची (मोजक्या वाद्यांसाठी लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत) सोसायटी काढली, दर गुरुवारी मैफल, आणि मे १९३७ पर्यंत १३६ कार्यक्रम झालेसुद्धा! वाजवणाऱ्यांत एक पारशी व्हायोलिनवादक होते, त्यांचा मुलगा पुढे ऑर्केस्ट्राचा जगप्रसिद्ध कंडक्टर झाला. आपलं संगीत सुरुवातीला काउफमानला अजिबात कळलं नव्हतं आणि तसं त्याने कबूलही केलंय, पण लाखो लोकांना जे आवडतं ते आपल्याला कळत नसेल तर चूक आपलीच असणार, असा त्याचा हिशोब. मला हा माणूस आवडतो तो इथे.

आता ट्यून. सगळीकडे वर्ष १९३६ लिहिलेलं असतं, आणि रेडिओला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं तेही त्याच वर्षी. पण काउफमानची मुंबई केंद्रातली नोकरी सुरू होते १९३७ ला. मग आधी बाहेरून करून दिली, की आधीचाच एखादा तुकडा उचलला? त्याच्या एका व्हायोलिन सोनाटातून (व्हायोलिनसाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेतून) ती घेतली असंही म्हणतात. श्रेयासाठी आणखी दोन-तीन नावं घेतली जातात, ती नावं घेणारेही तितक्याच ठामपणे बोलतात. माझा कल काउफमानकडे आहे, पण शपथेवर सांगणार नाही.

त्यात पुन्हा ट्यून 'शिवरंजनी' रागात आहे म्हणतात, तो घोळ. सा, रे, कोमल ग, प, ध हे पाच स्वर तिथे आहेत, मान्य. पण राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, चलन लागतं, म्हणजे स्वर कसे पुढेमागे फिरतात ते, कुठे थांबायचं ते लागतं, आणि इतक्या छोट्या ट्यूनमध्ये त्याचा निकाल लावणार कसा? पाच स्वरांची धून तर युरोपातला कंपोझरही करू शकतो. तरी खाली तानपुरा वाजतो आणि आपण लगेच 'आपला राग' म्हणून मोकळे होतो. गंमत म्हणजे त्याचं रेडिओवरचं काम युरोपियन संगीताचं होतं, पाश्चात्त्य विभाग सांभाळणारा माणूस, आणि देशाला ओळख मिळाली ती त्याच्या हिंदुस्थानी वाटणाऱ्या ट्यूनची.

१९४६ ला मुंबई सुटली. मग इंग्लंड, कॅनडात हॅलिफॅक्स, पुढे विनिपेगच्या ऑर्केस्ट्रात जवळजवळ दहा वर्षं कंडक्टर, आणि १९५७ पासून अमेरिकेत ब्लूमिंग्टनला प्रोफेसर. तिथून १९६८ ला उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड पुस्तक आलं, मग दक्षिणेकडच्या रागांवरही. अमेरिकन नागरिकत्व साठच्या दशकात मिळालं. १९८४ ला तिथेच वारला.

मधल्या काळात सगळे विसरले होते. भारतात त्याला भारतीय कंपोझर म्हणत नाहीत, तिकडे चेक म्हणायचं की जर्मन की कॅनेडियन तेच ठरत नाही, आणि ज्याला कुठलाच देश आपला म्हणत नाही त्याच्या स्वरलिप्या छापणार कोण. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र परत हलचल झाली, इथे मुंबईत त्याच्यावर पुस्तक निघालं, आणि २०२० ला टोरांटोच्या एका ग्रुपने त्याच्या चेंबर रचना रेकॉर्ड केल्या, त्यात बऱ्याच मुंबईत असताना लिहिलेल्या. ऐकताना मी सारखी ती ट्यून शोधत होते.